वकिलाशी बोलणे आणि तिसरा कान



कोर्टाच्या आवारात ज्यांनी दिवस काढले आहेत त्यांना हे दृश्य ओळखीचे असेल. तारीख पुकारायला अवकाश असतो. पक्षकार आणि त्याचा वकील व्हरांड्याच्या टोकाला खांबाआड उभे असतात आणि दोघांचेही आवाज एकदम खाली गेलेले असतात. कामगारांची प्रकरणे चालवताना मी अशा खांबाआड पुष्कळ वेळा उभा राहिलो आहे. गेटवर त्या दिवशी खरोखर काय झाले, पहिला दगड कुठून आला, कोणता साक्षीदार कच्चा आहे, हे सारे तिथेच बोलावे लागते. वकिलापुढे झाकपाक केली की खटला तिथेच अर्धा हरला. म्हणून तर आपल्या १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात, अशिलाने विश्वासाने सांगितलेले वकिलाने बाहेर फोडू नये असे कलम होते, आणि २०२३ च्या नव्या कायद्यातही ते कायम ठेवले आहे.

पण वकिलाने तोंड बंद ठेवले, आणि तिसऱ्याच कोणी भिंतीला कान लावला तर? तो कान सरकारचा असेल, आणि त्याच सरकारने खटला भरलेला असेल तर? अशा रीतीने झालेली शिक्षा टिकावी की नाही? अमेरिकेतील न्यायालयांत या प्रश्नाचा कीस विसाव्या शतकाच्या मधल्या तीन दशकांत जितका पडला तितका क्वचितच कुठे पडला असेल. त्यातील काही खटल्यांची हकिकत मी आज सांगणार आहे. मी वकील नाही. शाळा लवकर सुटली. निकालपत्रे शेजारी शब्दकोश घेऊन वाचायला शिकलो ते चळवळीच्या गरजेपोटी. तेव्हा कायद्याचे बारकावे जाणणाऱ्यांनी मला सांभाळून घ्यावे.

सुरुवात दारूपासून होते. अमेरिकेत दारूबंदी होती त्या काळात सिअॅटल शहरात रॉय ओल्मस्टेड नावाचा, पोलीस खात्यातून बडतर्फ झालेला एक अधिकारी चोरट्या दारूचा मोठा धंदा करीत असे. सरकारी माणसांनी त्याच्या घराबाहेरच्या टेलिफोनच्या तारांना जोड देऊन महिनोन् महिने बोलणी ऐकली. १९२८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले की, अधिकारी घरात शिरले नाहीत, त्यांनी वस्तू उचलली नाही. सबब ही घटनेच्या अर्थाने झडतीच नव्हे. न्यायमूर्ती ब्रँडाइस यांनी त्याविरुद्ध मत नोंदवले, आणि पुढल्या पिढीने निकालापेक्षा ते मतच अधिक वाचले. १९३४ च्या दळणवळण कायद्याच्या ६०५ व्या कलमाने तारेवरचे बोलणे पकडून ते उघड करण्यास मनाई केली. त्या आधारावर नार्डोन खटल्यात १९३७ मध्ये असा पुरावा बाद ठरला आणि १९३९ मध्ये न्यायालय आणखी एक पाऊल पुढे गेले. चोरून ऐकलेल्या बोलण्याच्या धाग्याने जो दुसरा पुरावा मिळवला तोही बाद. विषवृक्षाचे फळ ही उपमा तेव्हापासून रूढ झाली.

आपल्याकडे न्यायालयांनी वेगळी वाट धरली, हे इथेच सांगून ठेवतो. नाहीतर पुढची अमेरिकन ओढाताण परकी वाटेल. १९६४ मध्ये मुंबईचे कॉरोनर डॉ. मलकानी यांच्यावर लाच मागितल्याचा आरोप झाला. टेलिफोनवरच्या दोघांपैकी एकाच्या संमतीने पोलिसांनी त्याच्या घरच्या फोनला टेपरेकॉर्डर जोडून मलकानींचे बोलणे मुद्रित केले होते. त्या मुद्रणाला हरकत घेत प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७२ मध्ये निकाल लागला तो असा की, पुरावा प्रकरणाशी संबद्ध असेल तर तो कोणत्या मार्गाने मिळवला यावरून तो बाद होत नाही. १९९६ मध्ये त्याच न्यायालयाने टेलिफोनवरील संभाषण हा व्यक्तीच्या खाजगीपणाचा भाग मानला आणि १८८५ च्या तार कायद्याखाली ऐकण्याचे हुकूम कोणी, किती मुदतीचे काढावेत याचे नियम घालून दिले. अमेरिकेत मात्र, निदान कागदावर तरी, विषवृक्ष आणि फळ दोन्ही टाकायचे असे १९३९ मध्येच ठरले होते.

कागदावर अशासाठी म्हणतो की, ऐकणे थांबले नाही. न्याय खात्याने कायद्याचा अर्थ असा लावला की मनाई उघड करण्याला आहे. ऐकून आपल्याच खात्यात ठेवले तर काय बिघडले? १९४० च्या मे महिन्यात राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी देशाच्या सुरक्षिततेच्या कारणासाठी गुप्तपणे ऐकायला परवानगी दिली. १९४१ मध्ये गोदी कामगारांचा पुढारी हॅरी ब्रिजेस न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात उतरला होता. त्याला देशाबाहेर घालवण्याचे प्रकरण तेव्हा चालू होते. शेजारच्या खोलीतून आपला फोन ऐकला जात आहे हे त्याने स्वतःच शोधून काढले. कामगार पुढाऱ्याचे कान तिखट असतात, नव्हे, ते असावेच लागतात!

आता पहिला मोठा खटला. ज्युडिथ कॉप्लन ही न्याय खात्यातच नोकरीला असलेली तरुणी. ४ मार्च १९४९ रोजी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर तिला व्हॅलेंटिन गुबिचेव या रशियन माणसासह पकडले. तो संयुक्त राष्ट्रसंघाच्या कचेरीत नोकरीला होता. तिच्या पिशवीत सरकारी कागदांतली टिपणे सापडली. वॉशिंग्टन आणि न्यूयॉर्क येथे दोन खटले झाले. पहिल्यात चाळीस महिने ते दहा वर्षे आणि दुसऱ्यात पंधरा वर्षे अशा शिक्षा झाल्या.

वॉशिंग्टनच्या खटल्यात बचावाचा वकील पुनःपुन्हा म्हणत होता की आमचे फोन ऐकले गेले. सरकारपक्ष ते उडवून लावत होता आणि फेडरल पोलिसांचे साक्षीदार आपल्याला माहीत नाही असे सांगत होते. न्यूयॉर्कला दुसऱ्या खटल्यापूर्वी चौकशी झाली तेव्हा झाकण उडाले. तिच्या घरचा फोन, कचेरीतला फोन, इतकेच नव्हे तर ब्रुकलिनमधील तिच्या आईवडिलांचा फोन ऐकला जात होता, आणि या कामावर तीसच्या आसपास माणसे होती. 'माहीत नाही' म्हणणाऱ्यांपैकी एकाकडे त्या बोलण्यांचे सारांश जात होते. ज्या तबकड्यांवर बोलणे मुद्रित केले त्या नष्ट करण्यात आल्या होत्या. आणि सर्वांत वाईट म्हणजे तिला अटक झाल्यावरही, म्हणजे ती आपल्या वकिलाशी खटल्याची जुळणी करीत असतानाही, ऐकणे चालू राहिले होते.

दोन्ही शिक्षांवर अपिले झाली. डिसेंबर १९५० मध्ये न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाचे लर्नेड हँड यांनी निकाल दिला. त्यांनी साफ लिहिले की बाईचा अपराध उघड दिसतो. तरीही शिक्षा रद्द केली. वॉरंटाशिवाय केलेली अटक हे एक कारण. दुसरे कारण माझ्या आजच्या विषयाचा गाभा आहे. चोरून ऐकलेल्या नोंदींपैकी काही भाग खालच्या न्यायाधीशांनी एकट्यांनीच पाहिला होता. तो आरोपीच्या वकिलाला दाखवला तर देशाला धोका, असे सरकारचे म्हणणे. हँड म्हणाले, ज्या कागदांवर माणसाची शिक्षा टिकणार की नाही हे ठरायचे आहे ते त्याच्यापासून लपवून त्याला तुरुंगात पाठवता येणार नाही.

जून १९५१ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने दुसऱ्या बाजूने तोच प्रश्न धरला. पुरावा पुरेसा आहे असे मानूनही त्यांनी हुकूम केला की, आरोपी आणि तिचा वकील यांचे फोनवरील बोलणे ऐकले गेले की काय याची चौकशी करा. ऐकले गेले असल्यास नवा खटला चालवा. त्या बोलण्यातून सरकारला काय लाभ झाला हे आरोपीने मोजून दाखवावे, अशी अट त्यांनी घातली नाही. वकील असण्याचा हक्क म्हणजे वकिलाशी एकांतात बोलण्याचा हक्क, एवढे त्यांना पुरे वाटले.

पुढे तिच्यावर पुन्हा खटला चालला नाही. वर्षानुवर्षे ती जामिनावर होती, आणि जानेवारी १९६७ मध्ये सरकारने आरोप काढून घेतले. १९९५ मध्ये रशियन गुप्त तारांच्या उकलीचे कागद खुले झाले तेव्हा ती खरोखरच रशियासाठी काम करीत होती हे उघड झाले. सरकारला तिचा सुगावा त्या तारांवरून लागला होता आणि तो सांगता येत नव्हता. हे वाचल्यावर पुष्कळांना वाटते, मग हँडसाहेबांचे चुकलेच की! मला तसे वाटत नाही. हँड यांनाही ती निर्दोष वाटली नव्हती. अपराध उघड आहे म्हणून कागद दाखवण्याची गरज नाही, हा युक्तिवाद आमच्या व्यवस्थापनांनी चौकशीच्या टेबलावर मला इतक्यांदा ऐकवला आहे की त्याचा आवाज मी दुरून ओळखतो.

दुसरे प्रकरण थोडक्यात आटोपते, पण त्यातील माणूस मोठा आहे. फ्रेड ब्लॅक हा वॉशिंग्टनमध्ये कंपन्यांची सरकारदरबारी कामे करून देणारा मध्यस्थ. १९६४ मध्ये कर चुकवल्याबद्दल त्याला शिक्षा झाली आणि मे १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्जही नाकारला. सगळे संपले असे वाटत असताना सरकारचेच सॉलिसिटर जनरल उठले आणि त्यांनी न्यायालयाला लेखी कळवले की, १९६३ मध्ये फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत या माणसाच्या हॉटेलातील खोल्यांत फेडरल पोलिसांनी ऐकण्याचे यंत्र बसवले होते आणि त्यात त्याचे वकिलाशी झालेले बोलणेही आले होते. हे सांगणारे सॉलिसिटर जनरल म्हणजे थर्गुड मार्शल, काळ्या मुलांना गोऱ्यांच्या शाळांत बसण्याचा हक्क १९५४ मध्ये मिळवून देणारे वकील. करचुकवेगिरीचा तपास वेगळा होता, यंत्र वेगळ्या कामासाठी लावले होते आणि सरकारी वकिलांना त्याची खबर नव्हती, असे सरकारचे म्हणणे होते. म्हणून नुसती चौकशी करावी अशी विनंती होती. न्यायालयाने ७ नोव्हेंबर १९६६ रोजी शिक्षा रद्द करून नव्याने खटला चालवा असे सांगितले.

यानंतर पाचच आठवड्यांनी, १२ डिसेंबरला, जिमी हॉफा हरला. आणि त्याच्याविषयी मला जरा सविस्तर बोलायचे आहे.

जेम्स हॉफा १९१३ मध्ये इंडियाना राज्यात जन्मला. बाप लहानपणीच वारला. डेट्रॉइटमध्ये किराणा मालाच्या एका मोठ्या कंपनीच्या गोदामात तो हमाली करू लागला. १९३१ च्या मंदीत एकदा स्ट्रॉबेरीने भरलेल्या गाड्या धक्क्याला लागल्या असताना त्याने आणि सोबत्यांनी काम थांबवले. स्ट्रॉबेरी मालकासाठी थांबत नाही, ती नासते! कंपनी वाटाघाटीला आली. १९५७ मध्ये तो मालट्रक चालकांच्या संघटनेचा अध्यक्ष झाला आणि जानेवारी १९६४ मध्ये त्याने देशभरच्या ट्रक वाहतुकीसाठी एकच करार घडवून आणला. ज्याने चार गोदामांना एका करारात बसवण्याचा प्रयत्न केला असेल त्याला याची किंमत कळेल.

पण हाच माणूस गुंडांच्या टोळ्यांशी संबंध ठेवून होता, आणि १९५७ मध्ये अमेरिकेतील मध्यवर्ती कामगार महासंघाने त्याची संघटना भ्रष्टाचारासाठी बाहेर काढली होती. शिवाय गंमत अशी की, त्याच वर्षी हॉफावर आपल्याच संघटनेच्या अधिकाऱ्यांचे फोन चोरून ऐकवल्याचा खटला होता. पहिल्या वेळी ज्यूरीचे एकमत झाले नाही आणि १९५८ मध्ये तो सुटला. तेव्हा चोरून ऐकण्याविरुद्धच्या लढ्याचा हुतात्मा म्हणून त्याची तसबीर लावायला मी कोणाला सांगणार नाही.

रॉबर्ट केनेडी सिनेट समितीचे वकील असल्यापासून त्याच्या मागे होते. १९६१ मध्ये ते अॅटर्नी जनरल झाले. १९६२ च्या ऑक्टोबरात नॅशव्हिल येथे हॉफावर खटला उभा राहिला. एका माल वाहतूकदार कंपनीकडून बायकोच्या नावे चालणाऱ्या धंद्यातर्फे पैसे घेतले असा आरोप होता. ज्यूरीचे एकमत झाले नाही. पण खटला चालू असताना हॉफाच्या हॉटेलातील खोल्यांत एक माणूस रोज येजा करीत होता. एडवर्ड पार्टिन. लुइझियानातील बॅटन रूजचा संघटनेचा अधिकारी. त्याच्यावर स्वतःवरच गंभीर गुन्हे होते आणि तो तुरुंगातून नुकताच बाहेर आला होता. हॉफाला तो आपला माणूस वाटत होता. प्रत्यक्षात तो तिथले बोलणे सरकारी अधिकाऱ्याला पोचवत होता. पुढे त्याच्या बायकोला सरकारी पैशातून दरमहा ३०० डॉलर असे चार हप्ते मिळाले आणि त्याच्यावरचे गुन्हे मागे पडले. हॉफा ज्यूरी फितवण्याच्या गोष्टी आपल्यापुढे बोलला, ही पार्टिनची साक्ष. तिच्या बळावर मार्च १९६४ मध्ये चॅटनूगा येथे हॉफाला आठ वर्षांची शिक्षा झाली. त्याच वर्षी शिकागोला निवृत्तिवेतन निधीतील कर्जांच्या फसवणुकीबद्दल आणखी पाच वर्षे झाली.

इथे तार नव्हती, यंत्र नव्हते. कान माणसाचा होता. हॉफाच्या वकिलांनी विचारले की बचावाच्या खोलीत सरकारचा माणूस बसला तर वकिलाचा हक्क उरला कुठे? न्यायमूर्ती स्टुअर्ट यांनी उत्तर दिले ते तर्काला धरून होते, मला ते पटले नाही तरी. घटना विश्वास ठेवण्यातल्या चुकीपासून संरक्षण देत नाही. आणि वकिलाशी झालेले बोलणे ऐकले असे धरले तरी ते नॅशव्हिलच्या खटल्याचे, ज्यात शिक्षाच झाली नाही. चॅटनूगाची शिक्षा वकिलापुढे न केलेल्या वाक्यांवर उभी आहे. सरन्यायाधीश वॉरन यांनी एकट्यांनी मूळ प्रश्नावर विरुद्ध मत दिले. तुरुंगातून सुटण्याची घाई असलेल्या माणसाला हाताशी धरून मिळवलेल्या साक्षीवर न्यायालयाने आपली मोहोर उठवू नये, असे त्यांचे म्हणणे होते. १९७७ मध्ये साउथ कॅरोलायनातील एका प्रकरणात न्यायालय त्याच वाटेने पुढे गेले. सहआरोपी म्हणून वावरणारा गुप्त पोलीस आरोपीच्या वकिलाबरोबरच्या बैठकीला बसला, पण तिथले काही त्याने सरकारी वकिलाला सांगितले नाही, म्हणून हक्कभंग नाही! सांगितले नाही हे कोणाच्या तोंडून कळायचे? त्याच्याच.

७ मार्च १९६७ रोजी हॉफा पेनसिल्वेनियातील लुइसबर्गच्या तुरुंगात गेला. मे महिन्यात शिकागोच्या शिक्षेला अनपेक्षित धक्का बसला. सॉलिसिटर जनरलनी न्यायालयाला कळवले की हॉफाच्या एका सहआरोपीचे संभाषण यंत्राने ऐकले गेले होते. सर्वोच्च न्यायालयाने शिकागोच्या शिक्षा बाजूला ठेवून खालच्या न्यायालयाला सांगितले की काय ऐकले, आणि त्याचा या शिक्षेशी काही संबंध पोचतो का, ते तपासा. चॅटनूगाबाबतही हॉफाच्या वकिलांनी प्रतिज्ञापत्रे जोडून एकामागून एक अर्ज केले की आमचे फोन आणि खोल्या ऐकल्या गेल्या. ते फेटाळले गेले.

आता खरा पेच कुठे होता तो पाहा. ऐकले हे सरकार कबूल करू लागले होते. वाद आता त्या कागदांचा होता. कामगार न्यायालयात आम्ही हजेरीपुस्तक मागवतो. व्यवस्थापन म्हणते, पुस्तक आहे, पण आम्ही ते पाहिले, त्यात तुमच्या उपयोगाचे काही नाही. अगदी हेच उत्तर न्याय खात्याने एका प्रकरणात दिले: नोंदी आम्ही तपासल्या, संबंध नाही. जानेवारी १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते अमान्य केले. मग सरकार म्हणाले, निदान न्यायाधीशांनी एकट्यांनी पाहावे आणि संबंध वाटेल तेवढेच आरोपीला द्यावे. हँडसाहेबांनी नाकारलेली वाट ती हीच.

१० मार्च १९६९ रोजी आल्डरमन खटल्यात निकाल लागला. त्यात खुनाच्या धमक्यांचे आरोपी होते आणि रशियासाठी हेरगिरी केल्याचेही. न्यायमूर्ती व्हाइट यांनी लिहिले त्याचा आशय असा: बेकायदा ऐकलेले कागद आरोपीला दिलेच पाहिजेत. न्यायाधीश कितीही सचोटीचा असला तरी त्याला त्या बोलण्यातला मेख कळेलच असे नाही. एखादे टोपणनाव, सहज बोललेला शब्द, बोलणाराची ढब, हे ज्याचे जीवन आहे त्यालाच लागते. हजेरीपुस्तकात रविवारच्या खाली कोणाची सही आहे हे न्यायाधीशाला निरर्थक वाटेल, आणि पाळीच्या कामगाराला त्यावरून सगळी लबाडी उलगडेल. सरकारला कागद द्यायचे नसतील तर खटला सोडून द्यावा, अशी निवड उरली. मात्र हा लाभ ज्याचे स्वतःचे बोलणे ऐकले, किंवा ज्याच्या जागेत ऐकले, त्यालाच. आपल्या साथीदाराचे बोलणे ऐकले एवढ्यावरून तो दुसऱ्याला मागता येत नाही. संघटनेच्या कामात एकाचे बोलणे सगळ्यांचे असते. त्या दृष्टीने ही मर्यादा मला फार आखूड वाटते.

हॉफाला या निकालाने तारले नाही. शिकागोची चौकशी पुन्हा झाली, ऐकलेल्या गोष्टींतून शिक्षेचा पुरावा उगवला नाही असे ठरले, आणि १९७० मध्ये अपील न्यायालयाने शिक्षा कायम केली. २३ डिसेंबर १९७१ रोजी तो बाहेर आला तो राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी शिक्षा कमी केली म्हणून. मार्च १९८० पर्यंत संघटनेच्या कारभारात भाग घ्यायचा नाही, अशी अट त्या हुकुमात होती. त्या अटीविरुद्धही तो न्यायालयात गेला आणि १९७४ मध्ये हरला. ३० जुलै १९७५ रोजी दुपारी डेट्रॉइटजवळच्या एका उपाहारगृहाच्या आवारातून तो नाहीसा झाला. त्याचा देह कधीच सापडला नाही. १९८२ मध्ये त्याला कायद्याने मृत ठरवण्यात आले.